शंभर कोटींतला एक

फार तेजस्वी तारा समोर आला की अवकाशातल्या दुर्बिणीचा कॅमेरा दिपायचा आणि त्या ताऱ्याचं मोजमाप वाया जायचं. त्यावर तोड काढायला वेधशाळेतल्या आकडेबाईंनी सहा महिने मागितले. संचालकांनी अर्ज न वाचताच परत सरकवला.

“अहो बाई, उघड्या डोळ्यांना दिसतं ते मोजायचं कशाला? शंभर कोटी तारे मोजलेत आपण! तुमच्या मूठभर दिव्यांवाचून काय अडलंय? एक तारखेपर्यंत तुमचं टेबल रिकामं करा.”

महिना सरायच्या आत मंत्री आले. त्यांना सातला जेवायचं होतं, म्हणून संचालकांनी त्यांना दिवस मावळताच गच्चीवर नेलं. आकडेबाईंना कॉम्प्युटर उचलायला सोबत घेतलं.

“साहेब, कुठल्याही ताऱ्याकडे बोट दाखवा. अंतर आत्ता सांगतो!”

मंत्र्यांनी मान वर केली. अजून उजेड होता. अख्ख्या आभाळात एकच ठळक तारा निघाला होता. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

पडद्यावर उमटलं:

अंतर : नोंद नाही

संचालकांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग घाम पुसत ते कुजबुजले, “बाई, अहो, मोजा ना काहीतरी!”



“कशाला, सर? उघड्या डोळ्यांना दिसतोय की.”