ड्रॉवरमधला कांदा

"काका, पुन्हा नवा कांदा?" विशाखा कपाळ दाबत हसली.

गेल्या महिन्यात तिला ऑफिसातच फिट आली, तेव्हापासून शेजारच्या टेबलावरचे धुमाळकाका हुंगवायला ड्रॉवरमध्ये कांदा बाळगून असत. दर सोमवारी ताजा!

"डॉक्टर म्हणतात, कांद्यानं काही होत नाही. फिट येते ती डोक्यावरच्या या फडफडत्या ट्यूबमुळे, ती बदला. तीन अर्ज झाले माझे."

"असू दे गं जवळ," म्हणत काकांनी कांदा जपून आत ठेवला, पण नजर वर ट्यूबकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर चपलांचे धुळकट ठसे होते आणि वर नवी, शांत ट्यूब. काका फायलीत डोकं खुपसून बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला आणि अर्धा तिच्यापुढे सरकवला.

"घे. आता याला दुसरं काम नाही."