वाचकाच्या शंका

‘नाण्याचं नाव द्या, भाव मिळेल,’ हे वाक्य वाचकाने पुन्हा परत पाठवलं होतं. खाली शंका होती : ‘एकाच नावाची दोन नाणी असली तर कोणत्या नाण्याचा भाव सांगायचा?’

जुलेखाने वाक्य खोडलं. नवीन लिहिलं : ‘एका नावाची दोन नाणी सापडली तर भाव सांगू नये. आधी विचारणाऱ्याला विचारावं, यातलं कोणतं?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘समजलं.’

सात रस्त्याजवळच्या या छोट्या कंपनीने क्रिप्टो चलनांचे भाव शोधून देणारं एक साधन बनवलं होतं. ते माणसांसाठी नव्हतं. माणसांच्या वतीने कामं उरकणारे एआय एजंट ते वापरणार होते. गिऱ्हाईक मराठीत भाव विचारणार, म्हणून एजंटाला द्यायच्या सूचनाही मराठीतच हव्या होत्या. त्या जुलेखा लिहीत होती.

“समोर वाचक असेल,” कंपनीचा मालक शिवराज तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “तू लिहिशील तसंच्या तसं करेल. अडला की शंका पाठवेल. त्याचं समाधान झालं की तुझी नोकरी पक्की.”

वाचक मात्र सारखा अडायचा. भाव रुपयात की डॉलरमध्ये? भाव आत्ताचा की मघाचा? मघाचा असेल तर तसं सांगायचं की नाही? एकदा तर त्याने ‘किंमत’ या शब्दातली चुकलेली वेलांटी दाखवली.

“कुठलं जुनं मॉडेल लावलंय तुम्ही?” तिने शिवराजला विचारलं. “एवढा वेळ लागतो?”

“सावकाश वाचतंय की,” शिवराज हसला. “पण नीट वाचतंय.”

हळूहळू तिला वाचकाची सवय झाली. त्याची शंका आली नाही तर दुपार रिकामी वाटायची. खोलीवरच्या मैत्रिणींशी ती कामाबद्दल फारसं बोलत नसे, आणि घरी तर तो विषयच बंद होता. तासाभराच्या अंतरावर, अक्कलकोटला, तिचे अब्बा मौलाली शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मुलीने बी.एड. करून मास्तरीण व्हावं असं त्यांच्या मनात होतं. तिने ही नोकरी धरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “सट्टेवाल्यांच्या दारात बसायला शिकवलं नव्हतं तुला.” त्यानंतर बोलणं थांबलं. ईदला तिने फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. मग तिनेही पुन्हा केला नाही.

अम्मीचा फोन यायचा.

“अब्बा कसे आहेत?”

“बरे आहेत. घरात कुठं बसतात हल्ली,” अम्मी म्हणायची आणि जेवणखाणाचं विचारायची.

एका सकाळी वाचकाची वेगळीच शंका आली. ‘भाव सांगितल्यावर, हे नाणं घ्यावं की नाही, तेही सांगायचं का?’

तिने लगेच लिहिलं : ‘नाही. भाव सांगणं एवढंच काम. घ्या किंवा विका असं कधीही सांगू नये.’

‘मग नुसता भाव सांगून कोणाचं काय भलं होतं?’

साधनाच्या सूचनांमध्ये हा प्रश्न बसत नव्हता. तिने तो सोडून दिला असता तरी चाललं असतं. पण समोर मशीन होतं, आणि मशीनला सांगायला तिला संकोच वाटेना.

‘आमच्या गल्लीत एक चादरी विकणारे चाचा आहेत,’ तिने लिहिलं. ‘त्यांना कोणीतरी मोबाईलवर खोटा भाव दाखवला आणि गळ्यात नको ते नाणं मारलं. त्या दिवशी खरा भाव सांगणारं कोणी जवळ असतं, तर चाचा वाचले असते. मी कोणाला सट्टा लावायला शिकवत नाही. खोटं कसं ओळखायचं, ते लिहिते. हे अब्बांना सांगायचं होतं. ते ऐकून घेत नाहीत.’

पाठवल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं. शेवटची दोन वाक्यं खोडावीत असं वाटलं, पण गेलेलं परत घेता येत नव्हतं.

त्या दिवशी वाचकाकडून काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंका आली. ‘एकदा विचारून उत्तर मिळालं नाही, तर पलीकडे कोणी नाही असं समजायचं का?’

हे तिला येत होतं. एकाच वेळी फार जणांनी भाव विचारले की साधन गप्प बसायचं. ‘नाही,’ तिने लिहिलं. ‘थोडं थांबावं आणि पुन्हा विचारावं.’

लिहून झाल्यावर ती त्या ओळीकडे पाहत राहिली. मग मोबाईल घेऊन गॅलरीत गेली आणि तिने अब्बांचा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली. थोडं थांबून तिने परत लावला. तोही कोणी उचलला नाही.

ती जागेवर आली तेव्हा स्क्रीनवर एकच ओळ होती. ‘सूचना पूर्ण वाचल्या. आता शंका उरली नाही.’

शिवराज पेढ्यांचा पुडा घेऊन आला. “झालीस पक्की. आता संध्याकाळी एजंट जोडू आणि बघू.”

“संध्याकाळी?” जुलेखाने विचारलं. “मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होते?”

“वाचकाशी. मशीनला द्यायच्या आधी सूचना माणसाकडून वाचून घ्यायच्या असतात. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाकडून. हे गृहस्थ स्वतःच आले होते काम मागायला. वर बसतात, पेढा देऊन ये की.”

तिने पेढा घेतला आणि जिना चढली. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. संगणकासमोरच्या माणसाने पाठमोरं बसूनच चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. मग तो खुर्चीतून सावकाश वळला.

“ये, बेटा,” अब्बा म्हणाले. “फोन उचलला असता, पण म्हटलं, आधी तुझं सगळं नीट वाचून होऊ दे.”