सरावाची पहिली नोंद

माझ्या शिलाईच्या दुकानातल्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती. "ताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" असं म्हणत धाकट्या जावेनं मला कॉम्प्युटरवर डेटाबेस शिकवायला घेतला. मुठीएवढा तो माउस, पण हाताला येईल तर शपथ! ती माझा हात धरून क्लिक करवायची.

"आधी सरावाला स्वतःचीच नोंद करा."

मी नाव, फोन, मापं भरली. "शेऱ्यात काय लिहू गं?"

"जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते."

मी लिहिलं, 'डावा खांदा उतरता, पॅड लावणे.' मग एकेक करत सगळ्या बायका भरल्या. तिनं फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. "दुकान जळालं तरी हे राहील, ताई." मी तिला जवळच घेतलं.

पुढे ती येईनाशी झाली. बरं नसेल बिचारीला, म्हणून आज डबा भरून तिच्याकडे निघाले, तोच फोनवर मेसेज आला.

'आमचं नवं शिलाई दुकान आजपासून सुरू! माप द्यायची गरज नाही, तुमचं माप आमच्याकडे आहे. तुमची खास सूचनाही लक्षात आहे: डावा खांदा उतरता, पॅड लावणे.'