हफिजाचं पोट बिघडलं

हफिजाने बाही वर सारली, टबात खोल हात घातला आणि तळाचं बूच उपटून काढलं.

गरम पाणी भसाभसा पन्हाळीकडे धावलं. पुण्याची पाहुणे मंडळी टॉवेल गुंडाळून टबाकाठी जमली होती. नणंद नव्या वहिनीला, अक्षदाला, हाताला धरून ओढत होती. "आधी तू उतर गं!" चाललं होतं. नणंद तशीच थांबली. बंबाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, युसुफच्या, हातून लाकूड गळून पडलं.

"अगो, काय करतेस हे?"

"टब आज बंद," हफिजा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझं पोट बिघडलंय. पहाटेपासून जुलाब होतायत. आणि सकाळी पाणी ढवळायला मीच आत उतरले होते."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं युसुफला झालं. मस्कतला एका हॉटेलाची गाडी चालवताना त्याने असा टब पाहिला होता आणि तेव्हापासून त्याला त्याचं वेडच लागलं होतं. वरंधच्या रस्त्याला, समोर घाट दिसेल अशा ओट्यावर, तो एकदाचा बांधून झाला. पैसे भरून राहायला आलेले हे पहिलेच पाहुणे. काल संध्याकाळी दीपक आणि अक्षदा, नवं जोडपं, तेवढं टबात उतरलं होतं. आज सगळं कुटुंब उतरायचं होतं. यांनी नाव काढलं तर पुढचे येतील. यांनी नाव घालवलं तर युसुफला पुन्हा बायको सोडून मस्कत गाठावं लागणार होतं, आणि ते हफिजाला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"पाणी गरम हाय," तो कसंबसं हसत म्हणाला. "दवा पण टाकलीय. जंतू जगतील कुठं? सवच्या गरम पाण्याच्या कुंडात तर लोक दुखणी घालवायला उतरतात."

"तिथलं पाणी वाहतं. हे साचलेलं हाय," हफिजा म्हणाली. "दही कसल्या दुधात लागतं? उकळत्या, का कोमट? आणि गरम पाण्यात दवा लवकर उडून जाते. पोरं बुड्या मारणार, पाणी तोंडात जाणार. नाय, आज कुणी उतरायचं नाय."

दीपकचे वडील सुहासराव घसा खाकरून म्हणाले, "आणि नाश्ता? तोही तुम्हीच केलाय ना?"

 हफिजाच्या हातची वाफवलेली सांदणं खायला महाडहून माणसं वाट वाकडी करून येत. आजवर तिच्या ताटाला कुणी नाक मुरडलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मीच केलाय."

पुढचं सांगायला नको. नारळाच्या दुधातली सांदणं कुणी बोटानेही शिवली नाहीत. बॅगा भरल्या गेल्या. वाटेत हायवेवर खाऊ, असं ठरलं.

युसुफ स्वयंपाकघरात आला तेव्हा हफिजा मटणाच्या तिखट रश्श्यात सांदण बुडवून चवीने खात होती.

"जुलाब झालेली बाय असं खाते?" त्याने कपाळावर हात मारला. "खोटं बोललीस तू!"

"हां, बोलले."

"का गो? माझ्या टबाचं नाव पहिल्याच दिवशी मातीत घातलंस. आपलं पोट कशावर भरायचं?"

"ओरडू नको. पाहुणे गेले की टब घासू, मग सांगते." तिने बोटं चाटली, पण तिचे डोळे भरले होते. युसुफचा राग तिथेच निवला. ही बाई उगाच नाव बुडवणारी नव्हे, एवढं तो जाणून होता.

बाहेर गाडी सुरू झाली. मग दार उघडल्याचा आवाज आला. अक्षदा उतरली होती. "आता काय विसरलीस?" सासूबाईंनी गाडीतून विचारलं. ती उत्तर न देता अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवी नवरी ती, लग्नाची हळद अजून निघाली नव्हती. तिने एकदा मागे वळून गाडीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. दीपकने इंजिन बंद केलं.

अक्षदा उंबऱ्यावर बसली आणि गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताईंना काही झालेलं नाही. पहाटे मी नळावर कपडे धूत असताना त्यांनी मला पाहिलं. पोट माझं बिघडलंय, आणि काल त्या पाण्यात मी उतरले होते. ताई, मला तुमच्या हातची वाटीभर पेज द्या."