पाहुण्यांचा हौद
केळव्यातल्या सुपारीच्या वाडीतला हौद शनिवारी जलतरण तलाव होई. एरवी त्यात डासांच्या अळ्या पोहत. हौदाशेजारच्या झोपडीत गडी जिवल्याची बायको बायडी दुसऱ्यांदा मलेरियाने आजारी पडली. पोटुशी असल्यामुळे तिला सगळ्या गोळ्या देता येईनात, म्हणून आरोग्य खात्याच्या आशाताईंनी हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. शुक्रवारी वाडीमालक म्हणाले, "मासे काढ. उद्या मुंबईचे पाहुणे येतायत, पायाला लागले तर किंचाळतील." "शेट, डास व्हतील." "पाहुण्यांच्या खोल्यांना जाळ्या आहेत." जिवल्याने जुन्या लुगड्याने मासे उपसले आणि फेकून देण्याऐवजी झोपडीतल्या पाण्याच्या पिंपात सोडले. गोधडीत कुडकुडणाऱ्या बायडीने बघून विचारलं, "हौदातल्या अळ्या हिकडं चालत येनार हाय का, मरायला?" बाहेरून मालकांनी हाक मारली, "जिवल्या, हौद काठोकाठ भर रे." जिवल्या पंप चालू करायला गेला.