राखण

तिजोरी जागची हलली नव्हती. छप्पर उडालं होतं, दोन भिंती आडव्या झाल्या होत्या, पलंग शेजाऱ्यांच्या अंगणात उताणा पडला होता. पण कोपऱ्यातली पुरुषभर उंचीची ती करडी तिजोरी ताठ उभी होती. फौजदारांनी तिच्यावरचा चिखल बाहीनं पुसला आणि त्यांचा ऊर भरून आला.

फौजदार हे नाव गल्लीनं ठेवलेलं. खरं तर ते आयुष्यभर बँकेच्या दारात पहाऱ्याला उभे होते. निवृत्त झाल्यावर घराच्या राखणीला म्हणून त्यांनी बंदूक घेतली. मग बंदूकच चोरीला गेली तर, या धास्तीनं त्यांची झोप उडाली. म्हणून बंदुकीच्या राखणीला तिजोरी आली. आगीला दाद न देणारी, वादळाला भीक न घालणारी. घराच्या मागच्या दाराला धड कडी नव्हती, ती गोष्ट वेगळी.

गल्ली बघायला लोटली. "याला म्हणतात वस्तू!" कुणीतरी म्हणालं.

"मी सांगत नव्हतो?" फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. "आभाळ कोसळलं तरी ही हलायची नाही."

मेहुणा मात्र खाली वाकून बघत होता. तो घरांवर पत्रे बसवायचं काम करायचा. तिजोरीच्या बुडाशी त्यानं बोट लावलं.

"दाजी, हे बोल्ट मी छपरासाठी आणून दिलेले ना?"

फौजदारांनी घसा खाकरला. "तिजोरीबरोबर आलेले फारच आखूड होते रे. आणि छपरावर दगड ठेवले होते की मी."

गल्ली हळूहळू पांगली. छप्पर नीट बांधून घ्या म्हणून बायकोनं वर्षभर धोशा लावला होता. वादळात शाळेत आसरा घेतला तेव्हाही तिच्या जिवाला त्या पत्र्यांचाच घोर होता, आणि हे तिला तिजोरीची काळजी करू नकोस म्हणून समजावत होते. आता ती चिखलातून हाताला लागेल ते गोळा करत होती. एक पातेलं, एक चादर, पोरीच्या लग्नाचा फोटो. आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

"उघडा ती," ती म्हणाली.

आत ठणठणीत कोरडं होतं. तेल लावलेली बंदूक चकाकत होती. बायकोनं ती बाहेर काढली, भिंतीला टेकवायला गेली, तर तिथं भिंतच नव्हती. मग तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली आणि गोळा केलेला सगळा संसार आत रचायला लागली.

"अगं, ओलं आत नको. गंज चढेल!"

तिनं फोटो सगळ्यात वर ठेवला.

"बसा इथं दाराशी. राखण करा."

"आता कशाची?" फौजदारांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"घराची, दुसऱ्या कशाची?" ती म्हणाली, आणि तिनं तिजोरीचं दार लावून घेतलं.