उन्मेष गजभियेची किंमत

कोणत्याही खेळाडूला त्याच्या लायकीपेक्षा अधिक मोबदला दिला जात नाही, असे बास्केटबॉल महासंघाचे अधिकृत निवेदन आहे. ही लायकी संगणक ठरवतो. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूचे प्रतिरूप संगणकात पुढचे अनेक हंगाम खेळते आणि त्या कधीच न झालेल्या सामन्यांवर संघ बोली लावतात. खऱ्या खेळाडूला कोर्टवर पाहण्याची अट मात्र निवेदनात कुठेही आढळत नाही.

नागपूरच्या संघाने उन्मेष गजभियेला असेच घेतले. बदली खेळाडू म्हणून आलेला उन्मेष कर्णधारापेक्षा महाग ठरला आणि हंगामभर बाकावर बसून राहिला. आपल्याला खेळता येते का, हे आता त्यालाही सांगता आले नसते.

अखेरच्या सामन्यात संघ इतका मागे पडला, की प्रेक्षक उठून जाऊ लागले. उन्मेष प्रशिक्षक वऱ्हाडपांडे यांच्याजवळ गेला.

"मॅडम, आता तरी उतरवा. तसंही हरलोच आहोत."

"बस खाली, बाबा. वरून हुकूम आहे."

"घाम आला तर भाव उतरेल ना कुबेराचा!" बाकावरचा एक सहकारी म्हणाला.

उन्मेषला राग आला नाही. त्याने शांतपणे बुटांच्या नाड्या सोडल्या.

पुढे महासंघाने नेमलेल्या चौकशी समितीने संघाचे व्यवस्थापक देवपुजारी यांना उन्मेषला हंगामभर न खेळवण्याचे कारण विचारले. इतिवृत्तात त्यांचे उत्तर शब्दशः असे नोंदवले आहे : "आम्ही जास्त पैसे मोजले का, हे तो खेळला असता तर त्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. म्हणून त्याला उतरवलंच नाही."